तेरचे मणी तेरलाच राहिले म्हणून

आम्ही पटवेकरी. बार्शीच्या सराफ कट्ट्याला लागून आमचं लहानसं दुकान आहे. मंगळसूत्र, बोरमाळ, मोहनमाळ, पोवळ्याची कंठी, जे गिऱ्हाईक घेऊन येईल ते रेशमात गाठवून द्यायचं, हे आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. कुठलाही मणी हातात आला की मी आधी त्याचं भोक बघते. भोक सरळ आहे की तिरकं, कड धारदार आहे का, दोरा किती दिवसांत कातरेल, हे कळल्याशिवाय पुढचं काम सुरूच होत नाही. ही नजर कुठेही गेलं तरी सुटत नाही. वस्तुसंग्रहालयात बाकीची मंडळी तलवारींपुढे, मूर्तींपुढे उभी राहतात आणि मी मण्यांच्या पेटीपुढे थांबते.

आणि मण्यांच्या पेट्या बघायच्या असतील तर मी कुणालाही आधी तेरला जा म्हणून सांगते. धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. गोरोबाकाकांचं तेर. आमचे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, चैत्रात काकांच्या यात्रेला तिथे पाल टाकायचे. काळी पोत, काचेचे मणी, लहान मुलांच्या गळ्यातले ताईत, करगोटे. कालेश्वराचं देऊळ, काकांची समाधी, नदी आणि माणसांची रीघ. यात्रेतल्या दुकानात मीही बसले आहे. पण गावात ‘कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय’ अशी पाटी असलेली एक इमारत आहे आणि तिच्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी आहेत, हे मला अण्णांनी दाखवलं तेव्हा कळलं. ते मला तिथे घेऊन गेले आणि एवढंच म्हणाले, “बघ, आपल्यापेक्षा बारीक काम आहे.”

तेरभोवती पांढरीच्या टेकड्या आहेत. जुनी वस्ती मोडून मोडून तिच्या राखेची, विटांची, मातीची जी उंच पांढरट टेकडी होते, ती पांढर. आपल्याकडे शेतकरी पांढरीची माती गाड्यांनी नेऊन शेतात टाकायचे, खत म्हणून. पाऊस पडून गेला की पांढर धुऊन निघते आणि मणी, बांगड्यांचे तुकडे, खापरं, मातीच्या बाहुल्या वर दिसायला लागतात. तेरमध्ये पोरांनी मणी वेचणं हा पावसाळ्यातला नेहमीचा उद्योग. रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे. पुरातत्त्व हा काही त्यांचा पेशा नव्हता. पण गावातून निघणाऱ्या या वस्तूंची किंमत त्यांनी ओळखली आणि आयुष्यभर त्या गोळा करत राहिले. आज या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. एका माणसाच्या आवडीने उभा राहिलेला हा डोंगर पुढे महाराष्ट्र शासनाकडे आला आणि शासनाने तो तेरमध्येच ठेवला.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते या शेवटच्या वाक्यातच आहे. शासनाने तो तेरमध्येच ठेवला. मुंबईला नेला नाही, पुण्याला नेला नाही.

आधी पेटीतले मणी सांगते, मग हा संग्रह सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे येते.

तेरच्या मण्यांमध्ये तांबडा अकीक आहे, पट्ट्यापट्ट्यांचा अकीक आहे, स्फटिक आहे, शंखाचे मणी आहेत, काचेचे आहेत, भाजल्या मातीचे आहेत. तांबड्या अकीकाचा तो लाल रंग खाणीतून तसाच येत नाही. मळकट पिवळा-तपकिरी दगड आचेवर तापवतात, तेव्हा त्याच्यातलं लोह लालीवर येतं. गुजरातेत खंबायतला आजही हे काम चालतं. मग दगड फोडून, टवके काढून, घासून गोल करायचा आणि शेवटी भोक पाडायचं. अकीक पोलादापेक्षा कठीण. त्या काळच्या कारागिरांकडे हिऱ्याच्या कणीचं गिरमिट होतं. एका बाजूने निम्म्यापर्यंत भोक पाडायचं, मणी फिरवायचा, दुसऱ्या बाजूने पाडत यायचं आणि मधोमध दोन्ही भोकं जुळवायची. जुळताना केसभर चुकलं तर आत पायरी राहते, आणि त्या पायरीवर दोरा घासून तुटतो. स्फटिकाच्या मण्यात ही पायरी नुसत्या डोळ्यांनी दिसते, कारण तो आरपार असतो. तेरच्या पेटीतल्या एका लांबट स्फटिकमण्यात मी ती जागा शोधत बराच वेळ वाकून उभी होते. दोन्ही भोकं इतकी नेमकी भेटली आहेत की सांधा सापडेना.

दुसरी गोष्ट भोकाच्या तोंडाची. नव्या मण्याच्या भोकाची कड नखाला लागते. वर्षानुवर्षं गळ्यात राहिलेल्या मण्याची कड गोलसर होते, आणि दोरा ज्या बाजूला ताणला जायचा त्या बाजूला जरा जास्त झिजते. दगड कितीही कठीण असला तरी अंगावरचा घाम, धूळ आणि दोरा मिळून त्याला झिजवतात. पेटीत अशा झिजलेल्या कडांचे मणी आहेत आणि धारदार कडांचेही आहेत. म्हणजे काही मणी कुणाच्या तरी गळ्यात आयुष्यभर राहिले, कदाचित आईकडून लेकीकडे गेले, आणि काही ओवायच्या आधीच मातीत पडले. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही. रोज जुनी मंगळसूत्रं उसवून नव्याने गाठवणाऱ्या कुणालाही ते दिसेल.

तेरमध्ये आणखी एक वस्तू निघते, जिच्यापुढे मी दर वेळी थांबते. रोमन नाण्यांवरून उठवलेले मातीचे ठसे. गोल चकती, तिच्यावर रोमच्या बादशहाचं तोंड, आणि वरच्या बाजूला दोरा ओवायची सोय. रोमचं सोन्या-चांदीचं नाणं ज्याला परवडत नव्हतं त्याने मातीत त्याचा ठसा घेतला, भाजला आणि गळ्यात घातला. आपल्या पुतळीहाराचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. व्हेनिसची सोन्याची नाणी व्यापारातून आपल्याकडे आली आणि मराठी बायकांनी ती गळ्यात घातली. पुढे आपल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवल्या आणि पुतळ्यांची माळ आपली झाली. परदेशी नाणं गळ्यात मिरवायची हौस तेरमध्ये त्याच्याही दीड हजार वर्षं आधीपासून आहे. मी पुतळीहार गाठवते तेव्हा मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

रोमचं नाणं तेरला आलं कसं, तर व्यापारातून. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. तिच्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असं लिहिलं आहे. तगर म्हणजे तेर. पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड आणि तगरहून कापड, मलमल, बैलगाड्यांतून अवघड वाटेने भडोचला जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. तेरच्या पेटीत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे ढिगाने आहेत. इथून समुद्र कुठे! तो शंख किनाऱ्यावरून गाडीत बसून आला आणि इथल्या कासाराने कापून त्याच्या बांगड्या केल्या.

हस्तिदंताची ती प्रसिद्ध स्त्रीमूर्ती याच संग्रहातली. इटलीत पाँपेई शहर व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं इ. स. ७९ मध्ये. तिथे १९३८ साली एका घरात हस्तिदंताची भारतीय बाई सापडली, हातभर बांगड्या आणि पायात जड तोडे घातलेली. तशीच घडण तेरच्या मूर्तीची आहे, आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडलेल्या मूर्तीचीही. म्हणून पाँपेईतली बाई दख्खनमध्येच घडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या कारागिराच्या हातची वस्तू नेपल्सच्या संग्रहालयात जगभरचे लोक बघतात. तिची बहीण तेरला आहे, धाराशिवहून एसटीने जाता येतं.

याशिवाय पांढऱ्या शुभ्र मातीच्या, दोन साच्यांत ठोकून जोडलेल्या पोकळ बाहुल्या, उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट, हे सगळं आहे. आणि बाहेर पडून थोडं चालत गेलं की त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ. मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. मुळात बौद्धांचं चैत्यगृह, पुढे विष्णूचं झालं. इतक्या जुन्या काळातलं विटांचं, अजून उभं असलेलं आणि अजून पूजेतलं बांधकाम आपल्या देशात फार थोडं आहे. ज्या गावच्या कुंभाराने पुढे संतांच्या मांदियाळीत जागा मिळवली, त्या गावातल्या मातीच्या कामाची परंपरा किती मागे जाते हे बघायचं तर या दोन जागा एकाच दिवशी बघायला हव्यात. मुंबईच्या काचेच्या पेटीतली तेरची बाहुली हे सांगू शकली नसती.

आता त्या खात्याविषयी. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य. सांस्कृतिक कार्य विभागाच्या हाताखालचं. मुख्य कार्यालय मुंबईत, सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उरलेल्या भागात. विभागाविभागांत सहायक संचालकांची कार्यालयं, आणि त्या त्या वस्तुसंग्रहालयात अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारे अधिकारी. राज्यभरात अशी डझनभर वस्तुसंग्रहालयं हे खातं चालवतं. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, यातलं सर्वांत जुनं, १८६३ सालचं. सातारा, औंध, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, पैठण, छत्रपती संभाजीनगरचा सोनेरी महाल, माहूर, तेर. ही यादी नुसती वाचली तरी लक्षात येईल की यातली निम्मी गावं अशी आहेत जिथे कुणी नव्याने संग्रहालय काढायला गेलंच नसतं. ती निघाली कारण तिथे एखादा माणूस वेडा होता. खात्याने त्याचं वेड सांभाळायची जबाबदारी घेतली.

पैठणचंच बघा. तिथलं संग्रहालय कै. बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं आहे, त्यांनी जमवलेल्या वस्तूंचं. तेरला लामतुरे, पैठणला पाटील. दोन हजार वर्षांपूर्वी बैलगाड्या ज्या दोन गावांमधून एकाच बंदराकडे निघायच्या, त्या दोन्ही गावांत एकेका माणसाने आपल्या हौसेने मातीतल्या वस्तू वेचल्या आणि आज दोन्ही संग्रह एकाच खात्याकडे आहेत. तेर आणि पैठणचे मणी शेजारीशेजारी ठेवून कुणीतरी अभ्यासावेत असं मला फार वाटतं. दगड कुठला, भोकाची पद्धत एकच की वेगळी, लकाकी कशी आणलेली, हे एका टेबलावर ठेवून बघता येईल. एकाच खात्याकडे असल्याचा एवढा उपयोग व्हायलाच हवा.

औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय राजाने काढलेलं. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर त्यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उघडलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडात कोरलेलं आई-मुलाचं शिल्प. खटाव तालुक्यातल्या दुष्काळी भागात, यमाईला नारळ फोडून उतरणारा माणूस वाटेत हेन्री मूर बघतो. मी तिथे गेले तेव्हा डोईवर पदर घेतलेल्या दोन आजीबाई त्या शिल्पापुढे उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, “अगं, लेकरू कसं धरलंय बघ, पडायचं नाही.” जाणकारांनी याच शिल्पाविषयी बरंच लिहिलं असेल. मला त्या आजींचं बोलणं पुरेसं वाटलं. पंतांनी ते शिल्प पुण्या-मुंबईत न ठेवता देवीच्या वाटेवर ठेवलं ते याच आजींसाठी, अशी माझी खात्री आहे.

कोल्हापूरचं टाऊन हॉल संग्रहालय ब्रह्मपुरीमुळे उभं राहिलं. पंचगंगेच्या काठावर, शहराला लागूनच ही टेकडी. १९४०च्या दशकात तिथे जे निघालं त्यात समुद्राचा ग्रीक देव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती आहे. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे १९४५-४६ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. चार्ल्स मांट या इंग्रज स्थापत्यकाराने बांधलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आता हे सगळं आहे. सकाळी ब्रह्मपुरीवर उभं राहायचं, नदी बघायची, मग टाऊन हॉलमध्ये पोसायडन बघायचा. समुद्राचा देव नदीकाठी कसा आला हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर जसा पडतो तसा फोटो बघून पडत नाही. त्याच गावात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातला नट म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण ते चित्रकार होते, पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रं प्रसिद्ध आहेत. आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला दिली. पुन्हा तेच. एका माणसाचं घर, आणि ते सांभाळणारं सरकारी खातं.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा तर दुसऱ्या देशाच्या दुःखाचं घर. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवून हिंदुस्थानात आणलं, आणि १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो रत्नागिरीतच राहिला. हा वाडा त्याच्यासाठी १९१०च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे त्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्याच्या थोरल्या मुलीचा वंश रत्नागिरीतच, मराठी बोलत वाढला. त्या वाड्यात आज प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. म्यानमारहून लोक या राजाच्या समाधीवर माथा टेकायला रत्नागिरीला येतात.

साताऱ्याविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सगळ्यांनीच लिहिलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४च्या जुलैत तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि आधी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवली गेली. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडून ती विलायतेला गेली होती. अफझलखानाच्या वेळची ती हीच का, हे खात्रीने सांगता येत नाही असं त्या संग्रहालयानेच म्हटलेलं आहे. पण मला त्या दिवसांत सर्वांत आवडलं ते हे, की ती मुंबईला न थांबवता आधी साताऱ्याला नेली आणि पुढे नागपूरलाही पाठवली. प्रादेशिक संग्रहालयांचं जाळं हाताशी होतं म्हणून ते करता आलं.

या खात्याच्या खांद्यावर संग्रहालयांखेरीज राज्य संरक्षित स्मारकंही आहेत, साडेतीनशेहून जास्त. देवळं, लेणी, वाडे, किल्ले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे चार याच खात्याकडचे, बाकीचे केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडचे. किल्ल्यांवर महाराष्ट्राचा जीव आहे, आणि असायलाच हवा. राजगडाचा एक चिरा ढासळला तरी बातमी होते. तेरच्या मण्याची बातमी होत नाही. दगडी बुरुजावर चढून फोटो काढता येतो, मण्यापुढे वाकून उभं राहावं लागतं. म्हणून मला वाटतं, किल्ल्यांसाठी जसे गावोगावचे तरुण श्रमदानाला जातात तसं संग्रहालयांसाठीही आपण काही केलं पाहिजे. निदान जायला तरी पाहिजे. शाळेची सहल वॉटरपार्कला नेणाऱ्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, की वाटेत एक तास तेर, पैठण, औंध यांपैकी जे जवळ असेल तिथे थांबा.

आणि खात्याने काय करावं हेही लिहिते, कारण हे सगळं आपल्या पैशांतून चालतं आणि मला त्याची काळजी आहे. मण्याच्या पेटीजवळ एक चांगलं भिंग असावं. मण्याचं नुसतं नाव आणि काळ न देता दगड कुठून आला असेल, भोक कसं पाडलं, झीज कुठे आहे, हे चार ओळींत लिहावं, आणि ते मराठीत आधी लिहावं. आमच्यासारख्या कारागिरांना वर्षातून एकदा बोलवावं. मी पोरांना दोन बोटांत मणी धरून दोरा कसा ओवायचा हे दाखवीन, कासार काचेच्या कामाचं सांगेल, कुंभार साच्याचं सांगेल. तेरमध्ये अजून कुंभार आहेत. हाताने काम करणाऱ्या माणसाने जुन्या हाताचं काम बघितलं की त्याला जे दिसतं ते अभिरक्षकांनाही उपयोगी पडेल. या कामाचे मी पैसे घेणार नाही.

आता एक अलीकडची गोष्ट. पाऊस थांबल्यावर तेरच्या बाजूची एक शेतकरीण दुकानात आली. कनवटीला मूठभर मणी बांधून आणलेले. म्हणाली, “वहिनी, खुरपताना घावले. पोरीच्या गळ्यात घालायचेत, काळ्या दोऱ्यात गाठवून द्या.” तिने ते माझ्या पाटावर सोडले. तांबड्या अकीकाचे चारपाच, एक शंखाचा, बाकीचे काचेचे, निळसर. भोकात माती गच्च बसलेली. मी हात लावायच्या आधी तिला चहा दिला आणि सांगितलं की हे ओवायचे नाहीत.

तिला भीती होती ती वेगळीच. “सायबाला कळलं तर शेत घेतील हो!” ही भीती आमच्या भागात घराघरात आहे, आणि तिच्यामुळे किती वस्तू गुपचूप विकल्या जातात किंवा पुन्हा मातीत टाकल्या जातात ते सांगता येणार नाही. मी तिला एवढंच म्हणाले, की संग्रहालयात मणी नेऊन दाखवणाऱ्या बाईचं शेत कुणी घेत नाही. दोन हजार वर्षं जुनी वस्तू बाजारात विकायला परवाना लागतो, १९७२चा कायदा आहे, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा तर १८७८चा, इंग्रजांच्या वेळचा कायदा, आजही लागू आहे. आणि दलाल जो येतो तो तिला शंभर रुपये देईल आणि मणी कुठल्या शेतातला, किती खोलीवर, कशासोबत सापडला हे सगळं त्याच क्षणी पुसलं जाईल. हे शेवटचं तिला पटलं. ती म्हणाली, “म्हणजे आमच्या रानाचं नाव जाईल.” मी हो म्हणाले. पोरीसाठी मी तिला काळ्या पोतीत काचेचे मणी गाठवून दिले, आणि ती दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन तेरला गेली.

तुमच्या शेतात, घराच्या पायात, पांढरीवर असं काही सापडलं तर एवढं करा. जागेचा फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा, किती खोल होतं ते लिहा. शेजारी खापर, वीट, राख, हाड काही असेल तर तेही सोबत ठेवा, फेकू नका. मणी ब्रशने घासू नका, लिंबू-चिंच लावू नका, तेल लावू नका. काच जुनी असली तर तिचा वरचा पापुद्रा पाण्यानेही सुटतो. कापडात किंवा कागदात गुंडाळा आणि जवळच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात अभिरक्षकांकडे न्या, ते जवळ नसेल तर तहसील कार्यालयात कळवा आणि दिल्याची पोच लिहून घ्या. आणि भोकातली माती सुईने काढू नका. तिच्यात कधीकधी जुन्या दोऱ्याचा धागा अडकलेला असतो.